तात्यांच्या फोनमधलं ‘सेंट’

तात्यांचा फोन दर तीन महिन्यांनी माझ्या काउंटरवर येतो. तक्रार ठरलेली. “हँग मारतोय बघ लेका, मॅसेजच जाईना.” फोनला काहीही झालेलं नसतं. ३२ जीबीच्या फोनमध्ये बोट ठेवायला जागा उरलेली नसते, एवढंच. शंभर रुपये घेऊन मी तो मोकळा करून देतो आणि निघताना तात्या न चुकता म्हणतात, “दोन मिनिटाच्या कामाला शंभर?”

मोकळा करायचा म्हणजे गिऱ्हाईकाला शेजारी बसवून, विचारून विचारून. लोकांच्या गॅलरीत एकट्यानं शिरायचं नाही, हा दुकानाचा नियम. फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सॲपचं फोल्डर उघडलं की इमेजेस, व्हिडिओ, ऑडिओ असे कप्पे लागतात आणि प्रत्येक कप्प्याच्या पोटात आणखी एक छोटा कप्पा असतो: ‘सेंट’. आलेलं बाहेर, पाठवलेलं आत. दहा-अकरा वर्षं हे कप्पे उघडतोय. बहुतेकांच्या बाहेरच्या कप्प्यात हजारो फोटो असतात आणि सेंटमध्ये पन्नास-साठ. आधार कार्ड, लाइट बिल, पोरीचा वाढदिवस. तासगावकडच्या बागायतदाराच्या सेंटमध्ये द्राक्षाच्या पानाचे उलटे-सुलटे फोटो, डाऊनी रोग आलाय का म्हणून औषध दुकानदाराला पाठवलेले. म्हणजे माणूस दिवसभर घेतो खूप, देत मात्र काहीच नाही.

तात्यांच्या सेंटमध्ये गेल्या खेपेला अकरा हजार सातशे फोटो होते. व्हिडिओ वेगळे.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं ऐकून वाटेल की डिस्प्ले बदलणाऱ्याला हे कुणी शिकवलं. मी शिवाजी विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा एम.ए. आहे. त्यानंतर सहा वर्षं एमपीएससी. पूर्व निघायची, मुख्यला आडवं पडायचो. २०१४ साली वडील म्हणाले, आता पुरे, आणि मी पुण्यात तीन महिन्यांचा रिपेअरिंगचा कोर्स करून सांगलीत दुकान टाकलं. अभ्यास सुटला, वाचायची खोड राहिली. दुपारी दोन ते चार चौकात कुत्रं फिरकत नाही. तेव्हा मी राज्यशास्त्रातले संशोधनाचे पेपर वाचतो. परीक्षा नसली की तो विषय फार गोड लागतो.

२०१६ ची अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक झाली आणि तिकडच्या राज्यशास्त्रज्ञांची झोप उडाली. खोट्या बातम्यांमुळं निकाल फिरला का, यावर पेपरांचा पूर आला. त्यातला एक, २०१९ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेला, मी दुकानात उभ्यानं वाचला. संशोधकांनी ट्विटरवरच्या १६ हजारांहून जास्त नोंदणीकृत मतदारांची खाती धुंडाळली. त्यांत जेवढा खोटा माल फिरला, त्यातला ८० टक्के कुणी फिरवला? ०.१ टक्का लोकांनी. हजारात एक! आणि जेवढा खोटा माल नजरेसमोर आला, त्यातला ८० टक्के अवघ्या एक टक्का लोकांसमोर आला. म्हणजे ‘सगळी जनता खुळी झाली’ हे आपण जे चहा पिता पिता म्हणतो, तसं नसतं. थोडेच लोक असतात, पण त्यांचा हात थांबत नाही. त्याच वर्षी ॲण्ड्र्यू गेस, जोनाथन नॅगलर आणि जोशुआ टकर या तिघांनी फेसबुकचं बघितलं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी निवडणुकीच्या काळात एकही खोटी बातमी शेअर केलेली नव्हती. ज्यांनी केली, त्यांत पासष्टीच्या पुढचे लोक सगळ्यांत पुढं, तरुण पोरांच्या जवळजवळ सातपट.

मी पेपर खाली ठेवला आणि म्हटलं, हे तर आमच्या तात्यांचं सेंट फोल्डर.

तात्यांना खुळ्यात काढायचं नाही. एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर होते. पंढरपूरच्या वारीत खच्चून भरलेल्या गाडीतसुद्धा त्यांचा हिशेब कधी आठ आण्यांनी चुकला नाही. फाटकी नोट उजेडाला धरून बघणारा माणूस. तोच माणूस मेसेज मात्र न बघता पुढं सारतो. मी एकदा विचारलंच. म्हणाले, “पेन्शनीतल्या मानसाला इचारतंय कोण? घरात सून टीव्ही लावून बसती, नातू कानात बोळं घालून. ग्रुपवर कायतरी टाकलं की चार जनं अंगठा तरी दावत्यात.” यावर मला काही बोलता आलं नाही. अमेरिकेतल्या पेपरात म्हाताऱ्यांना मोबाईल नीट कळत नाही, वयानं स्मरण कमी होतं, अशा शक्यता मांडल्यात. असतीलही. पण सकाळी पावणेसहाला उठून कुणाला काय पाठवू म्हणून बसलेल्या माणसाचं कारण मला तात्यांनीच दिलं.

शिवाय ट्विटर वेगळं आणि आपलं व्हॉट्सॲप वेगळं. ट्विटर (आताचं एक्स) म्हणजे तेव्हा चव्हाटा, कुणीही यावं आणि मोजावं. व्हॉट्सॲप म्हणजे दार लावून घेतलेलं माजघर, आत काय शिजतंय ते कंपनीलाही वाचता येत नाही. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी २०१९ च्या लोकसभेच्या आगेमागे भारतातल्या हजारो राजकीय ग्रुपांत शिरून माल गोळा केला आणि पत्रकारांकडून तपासून घेतला. तपासलेल्या चित्रांतली साधारण १३ टक्के खोटी निघाली. आणि ती खोटी कशी? आपल्याला वाटतं कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून मुंडकी बदलत असेल. तसलं कमीच. बरीचशी चित्रं खरीच, फक्त जुनी. फोटो खरा, गाव वेगळं. पूर खरा, साल वेगळं.

पूर खरा, साल वेगळं. इथं मला थांबावं लागतं.

माझं दुकान तेव्हा मारुती चौकात होतं. सांगली ज्यांना माहीत आहे त्यांना ऑगस्ट २०१९ बद्दल यापुढं काही सांगायला नको. पण मला महापुराच्या आधीच्या आठवड्यातलं सांगायचंय, आणि ते मी आजवर कुठं लिहिलेलं नाही.

कृष्णा चढत होती, शहरात पाणी शिरलेलं नव्हतं. आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना नुसतं “किती झालं?” विचारतात, काय किती ते सांगावं लागत नाही. एका रात्री साडेदहाला मला मेसेज आला. कोयनेतून प्रचंड विसर्ग सोडलाय, पहाटेपर्यंत आयर्विनला ५० फूट, नदीकाठच्यांनी ताबडतोब घरं सोडा. खाली ‘प्रशासन’. सोबत बुडालेल्या चौकाचा फोटो. फोटो २००५ च्या पुरातला होता. त्यात दिसणारी कौलारू खानावळ पाडून तिथं तीन मजली इमारत झाली होती आणि त्या इमारतीवरून मी रोज सकाळी स्कूटरवर जायचो. एम.ए. राज्यशास्त्र! मी तो फोटो बघितला, खानावळ बघितली आणि अर्ध्या मिनिटात फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळा झालो. सांगलीवाडीच्या मावशीला वेगळा पाठवला, वर फोन करून घाबरवलं ते निराळंच.

मावशी आणि काकांनी त्या रात्री ज्वारीची पोती माळ्यावर चढवली. दोन म्हशी आणि एक रेडकू पावसात पुलावरून ओढत बुधगावला नणंदेच्या गोठ्यात नेली. काकांचा गुडघा त्या रात्री जो गेला तो गेला. पहाटे नदी होती तिथंच होती. दोन दिवसांनी म्हशी परत आल्या.

आणि मग खरंच निघायची वेळ आली. मी फोन केला, मावशी हसली. “तुजं ते मोबाईलमधलं पानी न्हवं? यिऊ दे, च्या करती त्येला.” नदी ५७ फुटांच्या वर गेली. त्यांना बोटीतून बाहेर काढलं तेव्हा मावशीच्या हातात पासबुकाची पिशवी होती आणि चपला नव्हत्या. म्हशी वाचल्या, पोहत कुठंतरी उंचावर लागल्या. रेडकू गेलं. माझं दुकान छतापर्यंत बुडालं, गिऱ्हाइकांचे चाळीसेक फोन चिखलात गेले, ते सगळे मी भरून दिले. त्याचं दुःख आता राहिलेलं नाही. मावशी त्या मेसेजबद्दल मला आजवर एका शब्दानं बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढं डार्टमाउथ कॉलेजच्या ब्रेंडन नायहन यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर केलेला एक प्रयोग वाचनात आला. २०२० साली छापून आलेला. ‘सावधान, फेसबुकवर खोट्या बातम्या असतात’ असा मोघम इशारा दिला की लोकांचा खोट्या बातम्यांवरचा विश्वास थोडा कमी होतो, हे ठीक. पण खऱ्या बातम्यांवरचाही होतो. मला तो आलेख बघताना रेडकू दिसलं.

अफवा काही मोबाईलनं आणलेली नाही, हेही खरं. २१ सप्टेंबर १९९५ ला मी शाळेत होतो. दुपारपर्यंत बातमी आली की गणपती दूध पितोय. आई मला आणि तांब्याभर दूध घेऊन गणपती मंदिराकडं निघाली, रांग रस्त्यापर्यंत. तेव्हा एसटीडी बूथवरून बातमी देशभर फिरली. फरक एवढाच की फोन करायला पैसे पडायचे, त्यामुळं माणूस निदान एकालाच सांगायचा. आणि दूधच सांडलं, रक्त नाही.

रक्तही सांडलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असले व्हिडिओ गावोगावच्या फोनवर फिरत होते. बाजाराच्या दिवशी भिक्षेला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ती माणसं आमच्या शेजारच्या मंगळवेढ्याकडची. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला, दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकालाच. त्यानं अफवा हळू झाली असेल, संपली नाही. १३ सप्टेंबर २०२२ ला आमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या चार साधूंनी एका पोराला रस्ता विचारला. पोरं पळवणारे म्हणून लोकांनी त्यांना काठ्या-पट्ट्यांनी मारलं. साधू होते उत्तर प्रदेशचे. चौघं वाचले. त्या आठवड्यात दुकानात आलेल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये पोरं पळवणाऱ्यांचा एक तरी ऑडिओ होता.

मग करायचं काय? माझ्यासारख्या शिकलेल्याचं ठरलेलं उत्तर असतं: लोकांना शिकवा. मीही शिकवलं. एका दुपारी तात्यांना बसवून तासभर शिकवणी घेतली. गूगलवर फोटो टाकून तो मुळात कुठला ते कसं शोधायचं, दोन बाण म्हणजे काय, तारीख कशी बघायची. तात्या “हां, हां” करत होते. मी उदाहरणाला त्यांच्याच फोनमधला एक फोटो घेतला, त्यांच्या लाडक्या नेत्याच्या सभेचा. गर्दीचा फोटो भलत्याच राज्यातल्या मेळाव्याचा निघाला. तात्यांचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. “म्हंजी तू त्यांच्याकडचा व्हय?” शिकवणी संपली. पंधरा दिवस फिरकले नाहीत.

सुमित्रा बद्रीनाथन यांनी हाच उद्योग शास्त्रशुद्ध केला होता. त्या अमेरिकेत शिकवणाऱ्या राज्यशास्त्रज्ञ. २०१९ च्या लोकसभेच्या वेळी बिहारच्या गया जिल्ह्यात १,२२४ लोकांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काही घरांत जायचं, तासभर बसून खोटी माहिती ओळखायला शिकवायचं, बाकीच्या घरांत नाही. निवडणुकीनंतर परत जाऊन दोन्हींची परीक्षा घ्यायची. निकाल: शिकवलेले आणि न शिकवलेले सारखेच. उलट भाजपचे जे समर्थक होते, त्यांना आपल्या पक्षाच्या सोयीची खोटी बातमी ओळखणं शिकवणीनंतर जास्तच अवघड गेलं. ते बिहारचं आणि त्या निवडणुकीचं. माझ्या काउंटरपुरतं सांगतो, तात्यांसारखा चेहरा मी सगळ्या पक्षांच्या माणसांचा बघितलाय, दोन्ही राष्ट्रवादींसकट.

मला वाटायचं, हा मनुष्यस्वभावच. खोडलं की घट्ट धरायचं. नायहन आणि जेसन रायफलर यांचा २०१० चा पेपर तेच सांगत होता: इराकमध्ये महासंहारक शस्त्रं सापडली नाहीत असं वाचायला दिल्यावर काही लोकांचा ती असल्यावरचा विश्वास वाढला. पण नंतर टॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी १० हजारांहून जास्त लोकांवर, ५२ मुद्द्यांवर तेच करून बघितलं आणि असं उलटं फिरणं त्यांना सापडलंच नाही. नायहन-रायफलर यांनी काय करावं? याच दोघांबरोबर बसून नवे प्रयोग केले आणि आपलंच जुनं म्हणणं सैल केलं. आमच्याकडं ग्रामपंचायतीचा सदस्यसुद्धा चूक झाली म्हणत नाही. या चौघांच्या एका अभ्यासात निघालं ते मला जास्त पटतं: ट्रम्प यांचं विधान खोटं आहे हे दाखवलं की त्यांच्या समर्थकांनाही ते बऱ्यापैकी कळतं, पण म्हणून ट्रम्प नावडते होत नाहीत. कळणं एकीकडं, मत एकीकडं. तात्यांनाही त्या दिवशी गर्दी दुसरीकडची हे कळलं होतं. दुखलं ते मी कुणाचा माणूस यावरून.

मधेच एक सांगायला हवं, सगळा गोंधळ मोबाईलवर घालून मोकळं होता येत नाही. २०२४ च्या लोकसभेला माझे मेहुणे साताऱ्यात मतदान करून आले आणि म्हणाले, मशीनवर दोन तुताऱ्या होत्या. एक ‘तुतारी वाजवणारा माणूस’, शशिकांत शिंदे यांची. दुसरी एका अपक्षाची, नुसतं वाद्य, मराठीत नाव तुतारीच. उदयनराजे जिंकले ३२,७७१ मतांनी आणि त्या अपक्षाला पडली ३७,०६२. त्यातली चुकून किती आणि मनापासून किती, हे मशीन सांगत नाही. पण तिथं कुणी काही फॉरवर्ड केलेलं नव्हतं. सरकारी छपाईतच नाव तेच होतं.

तर तात्या. पंधरा दिवसांनी आले, मी विषय काढला नाही. त्याआधीच्या रात्री बद्रीनाथन यांचं पुढचं काम वाचलं होतं, सिमोन शोशार यांच्याबरोबरचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण खोटं टाकतो, दुसरा नुसतं म्हणतो की मला नाही वाटत हे खरं आहे. पुरावा नाही, लिंक नाही, शिकवणी नाही. तेवढ्यानंही विश्वास खाली येतो, आणि मोठ्या संस्थेचं नाव जोडून खोडलं तरी फार जास्त फरक पडत नाही. मी ठरवलं, तासभर बोलायचं नाही. एक ओळ. फॅमिली ग्रुपवर सहा वर्षांनी पहिल्यांदा लिहिलं, “काका, हा जुना फोटो वाटतोय.” काकांनी उत्तर दिलं नाही, पण संध्याकाळी तो फोटो डिलीट झालेला होता. मावशीनं मात्र अंगठा दाखवला. तो अंगठा मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

बिहारमध्येच बद्रीनाथन, शोशार आणि मंडळींनी पुढं शाळकरी पोरांना धरलं. ५८३ गावं, साडेतेरा हजार विद्यार्थी, सरकारच्या मदतीनं, एकदा तासभर नाही तर काही आठवड्यांत पसरलेले वर्ग. पोरं शिकली, चार महिन्यांनी विचारलं तरी लक्षात होतं, आणि घरच्या मोठ्यांमध्येही थोडा फरक पडलेला दिसला. मला याचं नवल वाटलं नाही. तात्यांच्या फोनचा पॅटर्न त्यांच्या नातवानंच टाकलाय, दुसऱ्या कुणाचं ते ऐकत नाहीत.

या खेपेला फोन देताना मी तात्यांना एवढंच म्हटलं, “पाठवायच्या आधी मला टाकत जावा. खरं-खोटं सांगतो.” वाटलं, विसरतील.

आता रोज पहाटे पावणेसहाला माझा फोन थरथरतो. तात्यांचे दहा-बारा मेसेज, प्रत्येकाखाली “हे खरं हाय का?” बायको म्हणते, दुकान बंद कर आणि तात्यांकडनं पगार घे. मी अंथरुणातूनच उत्तरं देतो. खोटं. जुनं. खोटं. हे खरं. परवा एक आला, सांगलीतल्याच एका रस्त्याबद्दलचा. मला नक्की कळेना, म्हणून प्रामाणिकपणे लिहिलं, “माहीत नाही, तात्या.”

पाच मिनिटांत तोच मेसेज आमच्या गल्लीच्या ग्रुपवर. खाली तात्यांनी स्वतः टाइप केलेलं: “मोबाईलवाल्याला विचारलंय. खोटं हाय असं न्हाई म्हनला.”